अपरिचित पुरुष, एक्कावन्न टक्के

सरपंचांनी टीव्हीचा रिमोट चावला तेव्हा ते जेमतेम तीन महिन्यांचे होते. आवाज वाढवायचं बटण तेवढं त्यांनी शिल्लक ठेवलं, बाकीच्याचा भुगा केला. नवा रिमोट येईपर्यंत आमच्या घरात आवाज फक्त वाढत गेला.

सरपंच म्हणजे आमचं पग जातीचं पिल्लू. घरी आणलं त्या दिवशी ते समृद्धीच्या ओंजळीत बसून, कपाळाला आठ्या घालून, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होतं. बांधाच्या भांडणात दोन्ही पक्ष खोटं बोलताहेत हे कळलंय, पण चहा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा एकूण भाव. नाव तिथेच ठरलं. आणि एकदा सरपंच म्हटल्यावर अरेतुरे करणं बरं दिसेना.

"सरपंच काय!" आई म्हणाली. "आणि हागलेलं कोण काढणार? ग्रामसेवक?"

ग्रामसेवक समृद्धी झाली. उलटी पुसणं, लस टोचून आणणं, डोळ्यांत थेंब घालणं, सुरकुत्यांमधली घाण कापसाने काढणं, सगळं तिच्याकडे. ती एका बँकेच्या तक्रार-विभागात घरूनच काम करते. दिवसभर संतापलेल्या लोकांना "आपली अडचण मी समजू शकते" असं सांगते आणि मधल्या वेळात सरपंचांनी तोंडात घातलेली वायर काढते. मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासतो. बघायला गेलं तर ते काम यंत्रच करतं. ज्या तुकड्याबद्दल यंत्राला खात्री नसते, तो माझ्याकडे येतो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या लोखंडात आत कुठे पोकळी असेल, हा संशय घेण्याचा मला पगार मिळतो. धोका आधी ओळखायची सवय असल्याने, पिल्लू घरात येताच मी माझे बूट, पट्टा, पाकीट, मोजे सगळं लोखंडी कपाटात ठेवून किल्ली गळ्यात घातली. त्यामुळे सरपंचांनी चावलं ते घरच्यांचं आणि सामाईक. समृद्धीच्या दोन ओढण्या, आईच्या चष्म्याचं घर, खुर्चीचा पाय, सोफ्याचा कोपरा, भिंतीचा थोडासा गिलावा. भिंत का, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

पण बाकीच्याचं कारण तोवर शास्त्राला कळलं होतं.

पिल्लू चावतं, कारण दुधाचे दात पडत असतात आणि हिरड्या शिवशिवतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोडं वेगळंच होतं. समोर दहा वस्तू पडलेल्या असताना ते नेमकी एकच का उचलतं? दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेने त्याचा छडा लावला. माणसाच्या घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो घाम खाऊन जी बाष्पं सोडतात, त्यांचं मिश्रण म्हणजे आपला वास. प्रत्येकाच्या अंगावरची वस्ती निराळी, म्हणून वासही निराळा, अंगठ्याच्या ठशासारखा. आता आई बाळाला कुशीत घेते तेव्हा दोघांच्या शरीरात एक रसायन वाढतं, ऑक्सिटोसिन. पिल्लू लाडक्या माणसाच्या वासाची वस्तू चावतं, तेव्हा तेच रसायन त्याच्या लाळेत वाढतं, असं त्या लोकांना आढळलं. थोडक्यात, चप्पल खाणं ही मस्ती नव्हती. ती माया होती. हिरड्या कुठेही शांत झाल्या असत्या. मन तुमच्याच चपलेवर शांत होत होतं.

मग एका कंपनीने 'लळा-पट्टा' काढला. पिल्लाच्या गळ्यात बांधायचा, हनुवटीखाली चण्याएवढी चकती. तिच्या एका बाजूला बाष्पं ओळखणारं कृत्रिम नाक, दुसऱ्या बाजूला लाळ तपासणारा पातळ पापुद्रा. पिल्लाने चावा घेतला, की टिंग वाजणार आणि फोनवर दिसणार: वास कुणाचा, लळा किती. पगच्या हनुवटीखाली लाळेचा पुरवठा चोवीस तास असल्याने हा पट्टा पगवर सगळ्यात उत्तम चाले.

वर्षभरात कोल्हापूर बदललं. ज्यांच्या चपला शाबूत, ते रस्त्याने मान खाली घालून चालू लागले. चावलेलं पायताण दाराबाहेर लिंबू-मिरचीच्या शेजारी अभिमानाने टांगलेलं दिसू लागलं. मुलगी बघायला जाताना पाहुणे घरचं पिल्लू सोबत नेऊ लागले. कुटुंब न्यायालयात नवरा-बायको वेगळे होताना कुत्रं कुणाकडे जाणार, ते टक्केवारी पाहून ठरू लागलं. आमच्या प्रभागातल्या एका उमेदवाराच्या फलकावर तर फक्त एक कुरतडलेला बूट होता आणि खाली लिहिलं होतं: 'प्रेम कमवावं लागतं.' तो पडला, ती गोष्ट वेगळी. बूट भावाचा निघाला.

आम्हीही पट्टा घेतला. सोबत कापडी पिशव्या आल्या. घरातल्या प्रत्येकाने दोन रात्री एकच सुती बनियन घालून झोपायचं, साबण-अत्तर लावायचं नाही आणि ती बनियन आपापल्या नावाच्या पिशवीत घालून कंपनीला पाठवायची. म्हणजे पट्ट्याला घरची माणसं ओळखता येतात. समृद्धीने तिची स्वतः भरली. मी कामाच्या गडबडीत माझी आईच्या हातात दिली. आईने स्वतःची द्यायला साफ नकार दिला.

"माझा घाम परगावी जाणार न्हाई," ती म्हणाली. विषय संपला.

महिन्याभराने पहिला अहवाल आला. समृद्धीने पोहे खाता खाता तो वाचायला घेतला.

"समृद्धी, चौदा टक्के." ती जराशी खट्टू झाली. "अपरिचित स्त्री, चोवीस."

"ती मी," आई म्हणाली. "मी काय देत न्हाई हं त्याला. उगंच मागं लागतोय." तिच्या मुठीतलं बिस्किट सगळ्यांना दिसत होतं.

"किरकोळ माणसं, अकरा. अपरिचित पुरुष…" समृद्धी थांबली. "एक्कावन्न."

"आणि मी?" मी विचारलं.

"थांब, खाली सरकवते. अजून खाली आहे. हां. शून्य."

"दशांश चिन्हानंतर काही?"

"तिथेही शून्यच."

घरात पुरुष मी एकटा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी पोह्यातला शेंगदाणा चावत विचार केला, की एक्कावन्न म्हणजे स्पष्ट बहुमत.

मी सगळ्या नोंदी उघडल्या. माझ्या नावावर महिन्याभरात एकच नोंद होती. सरपंच वॉशिंग मशीनपाशी गेले होते, तिथे त्यांना शिंक आली होती. लळा: नाही. त्या दुसऱ्याच्या नोंदी मात्र पानंच्या पानं. मी एकेक वस्तू बघत गेलो. सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा, जिथे मी बसतो. नवा रिमोट, ज्याला मी कुणाला हात लावू देत नाही. पलंगाच्या डाव्या बाजूची उशी, जी माझी आहे.

चित्र स्वच्छ होतं. मी कामावर गेलो की एक माणूस घरात येत होता. माझ्या कोपऱ्यात बसून, माझा रिमोट हातात धरून टीव्ही बघत होता. मग माझ्या उशीवर डोकं टेकून आडवा होत होता. मी यायच्या आत निघून जात होता. आणि या आळशी, बिनकामाच्या माणसावर माझ्या पिल्लाचं आईपेक्षा दुप्पट प्रेम होतं.

त्याच्या सवयी हुबेहूब माझ्यासारख्या होत्या, याचा मला विशेष राग आला. समृद्धीला बदलच हवा होता, तर तिने निदान वेगळा माणूस बघायचा.

मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. पाच दिवस त्यात समृद्धी, आई, सरपंच आणि सरपंचांना शिकवायला येणारा प्रशिक्षक एवढेच दिसले. यावरून मी निष्कर्ष काढला, की त्या माणसाला कॅमेऱ्याची जागा कुणीतरी सांगितली होती.

"आपल्या घरी कोण येतं?" मी एकदा जेवताना सहज विचारलं. सहज म्हणजे घास हातात धरून, न खाता.

"कोण येतं म्हणजे?"

"पुरुष. पंचवीस ते पस्तीस. टीव्ही बघणारा."

समृद्धीने माझ्याकडे पाहिलं. मग ती कामाच्या आवाजात म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली गेली आहे. आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल." आणि भाताचं पातेलं घेऊन आत गेली.

उत्तर टाळलं. मी नोंद घेतली. वरून गुळगुळीत.

राहता राहिला प्रशिक्षक. जयसिंग मगदूम. आठवड्यातून दोनदा सरपंचांना 'बस' आणि 'सोड' शिकवायला यायचा. सरपंच 'बस' आधीपासूनच करत होते, कारण उभं राहण्यात त्यांना रस नव्हता. 'सोड' त्यांनी कधीच केलं नाही. जयसिंगचे दंड असे होते, की शर्टाच्या बाहीला रोज राजीनामा द्यावासा वाटत असेल. शिवाय तो माझ्या बायकोला "वहिनी, चहा एक नंबर" म्हणायचा. माझ्या चहाला कुणी कधी नंबर दिला नव्हता.

त्याला मी खाली पार्किंगमध्ये गाठलं.

"जयसिंग, एक काम होतं. तुझी बनियन पाहिजे."

"बनियन?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "दादा, कोपऱ्यावर दुकान हाय की. चांगल्या मिळतात."

"तसली नको. तुझी. दोन रात्री घातलेली. न धुतलेली."

जयसिंग एक पाऊल मागे सरला, मोटारसायकलला टेकला.

"दादा, राग मानू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही माणूस भला हाय. पन माझं लग्न ठरलंय."

मी त्याला शास्त्र समजावून सांगितलं. ते त्याला पटलं की तो घाबरला, सांगता येणार नाही, पण पुढच्या वेळी त्याने बनियन आणली, हात लांब करून दिली आणि गाडी चालू ठेवूनच निघून गेला. ती मी कंपनीला पाठवली. उत्तर आठवड्यात आलं. जयसिंग मगदूम, चार टक्के. तो किरकोळांतलाच निघाला. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली. एक ओळखीचा शत्रू हातचा गेला होता.

घोटाळा एवढाच झाला, की कंपनीचं उत्तर घरच्या सगळ्यांच्या फोनवर एकदम आलं.

मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा समृद्धी दारातच उभी होती. तिने वाचून दाखवलं. "'अभिनंदन! जयसिंग मगदूम यांची आपल्या कुटुंबात नोंद झाली आहे.'" फोन खाली घेतला. "जयसिंग आपल्या कुटुंबात कधी आला, शार्दूल?"

"तपासाचा भाग होता."

"कसला तपास?"

मग मी बोललो. कोपरा, रिमोट, उशी, सगळं क्रमाने सांगितलं. मला वाटलं होतं, पुरावे ऐकून ती कोसळेल. ती ऐकत राहिली. एकदाही तिने "आपली अडचण मी समजू शकते" म्हटलं नाही. तेव्हाच मला जरा भीती वाटायला हवी होती.

"एक यंत्र म्हणालं, की घरात कुणीतरी आहे," ती म्हणाली. "आणि तू मला न विचारता, त्या पोराची बनियन मागायला गेलास."

"विचारलं होतं. जेवताना."

"रविवारी मी सांगलीला जातेय. आईकडे. सरपंच माझ्याबरोबर येतील."

"सरपंच कसे येतील? ते आपल्या दोघांचे आहेत."

"मग जा कोर्टात." ती वळली. "चौदासमोर शून्य हरतं."

त्या आठवड्यात आमच्या घरात आवाज वाढला नाही आणि कमीही झाला नाही. नव्हताच. समृद्धी हेडफोन लावून अनोळखी लोकांशी गोड बोलायची आणि फोन ठेवला की गप्प. मला ती जाणार याचं दुःख होतंच. पण खोटं कशाला सांगू, त्या दुःखावर सायीसारखा एक दुसराच विचार तरंगत होता: आता तो माणूस सांगलीला जाईल. तिकडे त्याला जेवायलाही चांगलं मिळेल. माझ्या सासूच्या हाताला चव आहे.

शनिवारी दुपारी समृद्धी सरपंचांचं अंथरूण घडी घालत होती. सरपंच त्याच्या दुसऱ्या टोकाला लोंबकळून ते उलगडत होते. आई जमिनीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती.

"मी मधी पडत न्हाई," आई म्हणाली. आमच्याकडे मधे पडायची हीच पद्धत आहे. "पन मला कुनी तरी सांगा, भांडान हाय कशाचं?"

मी म्हणालो, "आई, त्या पट्ट्याला वासावरून माणूस कळतो. घरात एका परक्या पुरुषाचा वास आहे."

"त्याला तुझा वास म्हाईत हाय?"

"आहे ना. मी बनियन पाठवली होती की. तुझ्याच हातात दिली होती."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ती वासासाठी हुती?"

"मग कशासाठी असणार?"

"मला वाटलं मापासाठी."

समृद्धीने अंथरूण सोडलं. सरपंच त्यासकट मागे पडले.

"आई," मी म्हणालो, "तू त्या बनियनचं काय केलंस?"

"काय म्हंजे? धुतली. नीळ घातली. इस्त्री केली. पिशवीत डांबराची गोळी टाकली, वाटेत कसर लागू नये म्हनून." आईचा आवाज चढला. "दोन रात्रीचं मळकं कापड परक्या लोकांच्या हातात द्यायचं? वर हेरवाडे म्हनून नाव छापलेलं! उघडून बघितल्यावर काय म्हनतील? घरात बाईमानूस हाय का न्हाई म्हनतील! तुझ्या बाबांचं पांघरून सुदीक मी कधी मळकं हास्पिटलात नेलं न्हाई."

मी अंगातला टी-शर्ट काढला आणि सरपंचांसमोर धरला. त्यांनी हुंगला, डोळे मिटले, बाहीत दात रोवले आणि अंग टाकून दिलं.

टिंग. अपरिचित पुरुष. लळा: अत्युच्च.

ज्या माणसाला शोधून त्याची हाडं मोजायचं मी ठरवलं होतं, तो हॉलच्या मधोमध उघडा उभा होता. आळशी, टीव्ही बघणारा, उशीवर लोळणारा. आणि कंपनीच्या दफ्तरी शार्दूल हेरवाडे म्हणून नोंद होती ती नीळ घातलेल्या, कडक इस्त्रीच्या, डांबराच्या गोळीच्या वासाच्या कुणा सद्गृहस्थाची.

समृद्धी आधी हसली. मग भिंतीला टेकून हसली. मग खाली बसून, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, गवारीत पाणी पडेपर्यंत हसली. मी तिची माफी मागितली. जयसिंगचीही मागायला तिने लावली, फोनवर, लाऊडस्पीकर चालू ठेवून. "ऱ्हाऊ दे दादा," तो म्हणाला, "पन बनियन परत मिळंल का? जोडीतली हाय."

सांगलीचं रद्द झालं. सगळं मिटलं, असं मला वाटलं.

समृद्धी डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे एक्कावन्न तुझे?"

"तसंच दिसतंय," मी म्हणालो. नम्रपणे म्हणायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्याने ऐकलं नाही.

ती "हं" म्हणाली आणि अंथरूण परत जागेवर ठेवायला गेली.

त्या 'हं'ची किंमत पुढचे काही दिवस कळत गेली. एकदा तिने चक्क ओढणी दोऱ्याला बांधून सरपंचांच्या नाकासमोरून ओढत नेली. सरपंच उठले, ओढणीवरून चालत गेले आणि माझ्या उशीवर बसले. ती त्यांना हाताने पनीर भरवायची. ते पनीर तोंडात धरून माझ्यापाशी येऊन खायचे. मी काही करत नव्हतो. तेच तिला सहन होत नव्हतं.

"लसीला कोण नेतं?" एकदा तिने अचानक विचारलं.

"तू."

"चार्जर खाऊन ओकले तेव्हा कुणी पुसलं?"

"तू."

"तू काय करतोस त्यांच्यासाठी?"

मी विचार केला. "मी असतो," म्हणालो.

ते उत्तर बरोबर होतं आणि चुकीचं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर माझ्या ओळखीची होती. याच नजरेने मी महिनाभर त्या परक्या माणसाच्या नोंदी वाचल्या होत्या. आता मी तो माणूस होतो. माझ्या घरात राहणारा, माझ्या बायकोला नको असलेला. सुरुवातीला, सांगायला हरकत नाही, मला मजा वाटली. एक्कावन्न टक्के! आयुष्यात मला कशातच एवढे पडले नव्हते. पण मग एका दुपारी मी लवकर घरी आलो, तर समृद्धी सोफ्याच्या माझ्या कोपऱ्यात अवघडून बसली होती आणि सरपंचांचा पंजा हातात घेऊन, तक्रार ऐकून घेण्याच्या त्या शांत आवाजात त्यांना म्हणत होती, "माझ्याकडून सेवेत काही त्रुटी राहिली असेल, तर कृपया सांगा."

सरपंचांनी जांभई दिली. मी आवाज न करता दार लावलं, जिन्यात थोडा वेळ बसलो आणि नेहमीच्या वेळेला परत आलो.

झाला प्रकार कळवल्यावर कंपनीने घरातल्या सगळ्यांचे नमुने नव्याने मागवले. पुन्हा दोन पिशव्या, एकीवर माझं नाव, एकीवर समृद्धीचं. आईने पुन्हा नकार दिला. अपरिचित स्त्री म्हणून तिचं बरं चाललं होतं. या वेळी मी बनियन अंगावरून उतरवलीच नाही. आई दोन दिवस माझ्या मागे बादली घेऊन फिरत होती. "नुसती पान्यातनं काढून देते," म्हणत होती. मी बधलो नाही.

समृद्धीने तिची बनियन घडी घालून माझ्या हातात दिली. "टाक दोन्ही. जे असेल ते असेल," म्हणाली आणि लगेच कुणाचा तरी फोन घेतला.

पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर दोन्ही पिशव्या ठेवून मी उभा राहिलो. करायचं काय ते ठरलं होतं, पण हात चालेना. आत्ता कुठे ते एक्कावन्न टक्के माझ्या नावावर येणार होते. ज्या माणसाचा मी जिवापाड हेवा केला, तो मीच निघालो होतो आणि त्याचं सुख पुरतं भोगायच्या आतच ते दुसऱ्याला देऊन टाकायचं होतं. तेही जिला मी दिलंय हे कधी सांगायचं नाही, तिला. मी माझी बनियन हुंगून पाहिली. तिच्यात प्रेम करण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही.

मग ती मी समृद्धीच्या पिशवीत घातली. तिची माझ्या.

निकाल आला. समृद्धी हेरवाडे, त्रेपन्न. शार्दूल हेरवाडे, पंधरा. अपरिचित पुरुष गायब.

"म्हणजे?" समृद्धी उभी राहिली. "तू म्हणे एक्कावन्न होतास!"

"तेव्हा पट्टा गोंधळलेला असणार," मी म्हणालो. "नीळ चढली असेल."

तिने सरपंचांना उचलून त्यांच्या कपाळाच्या प्रत्येक आठीचा स्वतंत्र मुका घेतला. सांगलीच्या घरच्या गटावर बातमी गेली. तिकडून सासूबाईंचा फोन आला: "अहो, तुम्हाला पंधरा म्हणजे चांगलेच आहेत." कुरतडलेली एक उशी आमच्या दाराबाहेर लटकली. माझी उशी, तिच्या नावाच्या चिठ्ठीसकट. रोज कामाला जाताना मी तिच्याखालून जायचो.

आणि समृद्धी माझ्याशी फार चांगली वागू लागली. तेच असह्य होतं. सरपंच माझ्या मांडीवर येऊन पडायचे, माझ्या बाहीचा चोथा करायचे, टिंग वाजायचं आणि ती लांबूनच म्हणायची, "बघ, तुझ्याजवळ बसूनसुद्धा त्यांना माझीच आठवण येते." मग माझ्या पाठीवर थोपटून, "मन लावून खेळ रे त्यांच्याशी. तुझेही वाढतील."

मी मान हलवायचो. आतून जळायचो. माझ्याच नावाचा नसलेला तो दुसरा मी घरभर कौतुक करून घेत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून होतो.

एका रविवारी सकाळी मी पेट्रोल भरून आलो आणि हेल्मेट सोफ्यापाशी खाली ठेवून पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर सरपंच निम्मे हेल्मेटच्या आत. मागची बाजू तेवढी बाहेर, शेपटीची जिलबी फिरत होती. हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी त्यांनी तोडून काढली होती आणि आतल्या घामट फोमला ते अशा तन्मयतेने चावत होते, की बघून मलाच लाजल्यासारखं झालं.

टिंग. समृद्धी हेरवाडे. लळा: अत्युच्च.

"आता माझं काय खाल्लं?" म्हणत समृद्धी हौसेने स्वयंपाकघरातून धावत आली.

आणि थांबली.

सोफा सामाईक असतो. रिमोट सामाईक म्हणता येतो. उशीसुद्धा, ओढून ताणून. पण ते काळं हेल्मेट फक्त माझं होतं. तिचं जांभळं. माझं तिने आयुष्यात डोक्याला लावलं नव्हतं, वास येतो म्हणून.

तिने हेल्मेटकडे पाहिलं. फोनवरच्या स्वतःच्या नावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पाण्याच्या रिकाम्या ग्लासातून पाणी पीत राहिलो.

सरपंचांना शेपटीकडून हळूच बाहेर ओढून तिने हेल्मेट उचललं. आत नाक घातलं. तोंड वाकडं केलं. पुन्हा एकदा नाक घातलं. मला वाटलं, आता ती विचारणार. पिशव्या कधी बदलल्यास, का बदलल्यास, मला काय दयेवर जगणारी समजतोस का.

तिने ते लाळेने भिजलेलं हेल्मेट डोक्यात घातलं. ते थेट नाकापर्यंत उतरलं.

"माझंच आहे," आतून आवाज आला. "ॲपमध्ये लिहिलंय."

"समृद्धी, तुझं जांभळं…"

"ते तुझं. पंधरा टक्केवाल्यांचं." तिने हेल्मेट मागे ढकलून एक डोळा बाहेर काढला. तो डोळा ओला होता आणि हसत होता. "चल. भूक लागलीये."

जांभळं हेल्मेट माझ्या कानांच्या वरच अडकलं, देवळाच्या कळसासारखं. आम्ही खाली उतरलो. गॅलरीतून आईने हाक मारली. तिच्या कडेवर सरपंच होते, तोंडात फोमचा तुकडा.

"कुठं निघालायसा गं दोघं?"

"मिसळ खायला," समृद्धी वर बघून ओरडली. "सरपंचांना सांगा, शार्दूल त्याच्या बायकोला घेऊन चाललाय!"

गाडी ती चालवत होती.